लाल फडक्यापलीकडची पिल्लं

मित्रांनो, पांघरुणाला सगळं कळतं. आत शिरलेल्याचं अंग तापलंय की नाही, तो खरंच झोपलाय की नुसते डोळे मिटून पडलाय, त्याचा श्वास सरळ चाललाय की मध्येच अडखळतोय, हे आधी पांघरुणाला कळतं आणि मग आईला. मी तर पांघरुणाहूनही जाड. मी एक जुना नमदा आहे, मेंढीच्या लोकरीचा, झोडपून आणि लाटून केलेला. गोबीच्या वाळवंटात खोंगोर नावाचं एक खारं तळं आहे. त्याच्या काठावर मी जन्मलो आणि तिथेच म्हातारा झालो. ज्या उन्हाळ्याची गोष्ट मला सांगायची आहे, त्या उन्हाळ्यात माझ्या पोटात दोन जीव होते आणि समोरच्या बेटावर शेकडो. मला सगळ्यांचाच घोर लागला होता.

पण आधी जन्माचं सांगतो.

मेंढ्या कातरून झाल्या, की आमच्याकडे नमदे करतात. सगळी वस्ती गोल करून बसते आणि लोकर काठ्यांनी झोडपते. धूळ उडते, शिंका येतात, एकमेकांची थट्टा चालते. मग एक जुना नमदा जमिनीवर अंथरतात. त्याला 'आई' म्हणतात. आईच्या अंगावर लोकर थराथराने पसरतात, पाणी शिंपडतात, चार थेंब दुधाचे शिंपडतात, आणि आईसकट सगळ्याची गुंडाळी करून ती ओल्या कातड्यात आवळून बांधतात. ती गुंडाळी उंटामागे जोडून माळावर लोळवायची. लोळून लोळून लोकरीचा धागा धाग्याला असा काही मिठी मारतो, की पुढे वारा, बर्फ, कुणीही ती सोडवू शकत नाही. संध्याकाळी गुंडाळी उलगडली आणि आईच्या पाठीवरून मला सोलून काढलं. म्हणून मला तिचं लेकरू म्हणायचं. माझी आई कुणाच्या घरची होती, मला ठाऊक नाही. तिची ऊब सुटली तो क्षण तेवढा आठवतो.

जाव्झमा नावाच्या मुलीचं लग्न ठरलं होतं. तिच्या नव्या गेरसाठी, म्हणजे आमच्या गोल तंबूघरासाठी मला केलं होतं. दाराच्या बरोबर समोर, जिथे देव मांडतात आणि मोठ्या पाहुण्याला बसवतात, तिथल्या भिंतीला माझी जागा. येणारा-जाणारा माझ्यावरून हात फिरवून म्हणे, "जाव्झमा, काय दाट नमदा गं तुझा!" जाव्झमा चहात मीठ टाकता टाकता म्हणे, "दाट असणारच. सासूबाईंनी झोडपलाय. माझ्यावर हात चालवायच्या आधी सराव करून घेतला." सगळ्यात जोरात सासूबाईच हसत.

माझ्या कुशीला जाव्झमाचा मुलगा जन्मला. त्याला गोवर आला तेव्हा त्याचा ताप मी पाठीवर घेतला. किती थंड्या गेल्या! चुलीच्या धुराने मी पांढऱ्याचा पिवळा झालो, पिवळ्याचा काळपट. मुलगा मोठा झाला, ट्रक चालवायला लागला, आणि शहरात कॉलेज शिकलेली उयांगा नावाची सून घरी घेऊन आला. नव्या संसाराला नवी गेर आली. तिचे नमदे कारखान्यातले, एकसारखे, कडा सरळ.

मग मला कापलं. एक तुकडा उंटाच्या खोगिराखाली गेला, एक आजारी वासराच्या पाठीवर. उरलेला मोठा तुकडा, म्हणजे आज तुमच्याशी बोलतोय तो मी, सरपणाच्या वाळल्या शेणाच्या ढिगावर जाऊन पडलो. तिथे कुत्री झोपायची. एकदा कुणीतरी गरम राख टाकली, माझा एक कोपरा जळला, आणि कुणाला त्याचं काही वाटलं नाही. खरं सांगतो, थंडीपेक्षा मला ते जास्त बोचलं.

उयांगाला काम होतं ते तळ्यावरच्या पक्ष्यांवर नजर ठेवायचं. संरक्षित क्षेत्राच्या कचेरीने तिला नेमलं होतं. खोंगोर तळ्यात एक बेट आहे. त्या बेटावर दर वसंतात काळ्या डोक्याचे कुरव, म्हणजे पाण्यावर राहणारे पांढरे पक्षी, येतात. डोळ्यांभोवती पांढऱ्या कोरी, जशा काही रात्रभर जागून आलेत. जगात हे पाखरू फार थोडं उरलंय. आणि मित्रांनो, इतका भित्रा जीव मी दुसरा पाहिला नाही. वाळवंटातल्या खाऱ्या तळ्यात बेट असेल तरच अंडी घालणार. सगळ्यांची घरटी एकमेकांना चिकटून. एक दचकला की सगळे उडणार. उडाले, की अंडी गोबीच्या उन्हात उघडी पडतात आणि आतल्या आत शिजतात. पिल्लं निघाली असली, तर ती घाबरून सैरावैरा पळतात आणि शेजारच्या घरट्यात शिरतात. शेजारीण त्यांना टोचून मारते. भीती फारच बसली, तर अख्खा थवा बेट सोडून जातो आणि पुन्हा येत नाही. दुसऱ्या एका तळ्यावर असंच झालं होतं. उयांगाला हे सगळं पुस्तकातून कळलं होतं, आणि त्यात तिला नुकतीच मुलगी झाली होती. अनू नाव तिचं. तेव्हापासून उयांगा अनूचा श्वास मोजता मोजता पाखरांची काळजी करायची आणि पाखरं मोजता मोजता अनूची.

कचेरीने तिला लपून बसायला एक हिरवा नायलॉनचा तंबू दिला होता. पहिल्याच दिवशी ती रडवेली होऊन परत आली.

"वारा आला की फडफडतो, एजी. अर्धी पाखरं उडाली."

एजी म्हणजे आई. जाव्झमाला ती तसंच म्हणायची.

"मग तो काढ आणि झाडामागे बस."

"झाड कुठाय इथे?"

"तेही खरंच."

उयांगाची नजर शेणाच्या ढिगाकडे वळली. ती माझ्याकडेच बघत होती. किती दिवसांनी माझ्याकडे कुणी असं पाहिलं होतं!

"एजी, तो नमदा फडफडत नाही ना?"

"फडफडेल कसा? माझा सगळा संसार मुरलाय त्याच्यात." मग जाव्झमाच्या लक्षात आलं. "अगं, ते शेणावरचं पांघरूण आहे! एवढी शिकलीस ती हे अंगावर घ्यायला?"

"हो. आणि वास जात नसला तर उत्तमच. पाखरांना तो सवयीचा आहे."

अशी माझी दुसरी नोकरी सुरू झाली. गेरच्या मोडक्या जाळीदार भिंतीचा एक तुकडा वाकवून तिने सांगाडा केला, त्यावर मला घातलं, आणि पुढून एक झरोका कापला, डोळ्यापुरता. काठावर दूर उभं केलं, आणि रोज थोडं थोडं पुढे सरकवलं. इतकं थोडं की पाखरांना वाटावं, हा दगड कालही इथेच होता. झरोक्यातून उयांगा बघायची, आणि तिच्या पाठीला पाठ लावून मी तिची छाती कशी धडधडते ते ऐकायचो.

आत शिरायचीही एक रीत होती. दोघींनी मिळून यायचं. उयांगा आत बसायची, आणि जाव्झमा मोठमोठ्याने गाणं म्हणत परत जायची. पाखरांना मोजता येत नाही. आलेलं माणूस गेलं, एवढंच त्यांना कळायचं, आणि ती निवांत व्हायची. संध्याकाळी जाव्झमा गात गात परत येणार, मग उयांगा बाहेर पडणार. मधल्या वेळात आतून एकट्याने बाहेर यायचं नाही म्हणजे नाही. जमिनीतून माणूस उगवल्यासारखं दिसलं, तर सगळं बेट उडालं असतं.

त्या वर्षी आधीच्या दोन हिवाळ्यांत बर्फ पडलं नव्हतं. तळं आक्रसलं. बेट आणि काठ यांच्यामध्ये चिखलाची एक मान वर आली. एका सकाळी उयांगाने ती पाहिली. बेटाला आता पाण्याचं कुंपण उरलं नव्हतं. कोल्हा चालत जाऊ शकत होता, शेळ्या जाऊ शकत होत्या, माणसं तर जाणारच.

कोल्ह्या-शेळ्यांसाठी तिने मानेच्या तोंडाशी काटेरी झुडपांचा बांध घातला आणि स्वतःपुरती फट ठेवली. माणसांसाठी कचेरीने पाटी लावली. लोक त्या पाटीला मोटारसायकल टेकवून आत जायला निघायचे.

"अगं, पाटी कोण वाचतं?" जाव्झमा म्हणाली. "मी तर माझ्या औषधाची बाटलीसुद्धा वाचत नाही."

उयांगा अनूला पाजत होती. बघता बघता तिचा चेहरा बदलला. "एजी, अनू झाली तेव्हा आपल्या दाराला तुम्ही काय बांधलं होतं?"

आमच्याकडे घरात बाळंतपण झालं, की दारावर दोर ताणून त्याला लाल फडकं बांधतात. ते दिसलं की परका माणूस पाऊल पुढे टाकत नाही. मोठा साहेब असो नाहीतर सख्खा भाऊ, बाहेरूनच खुशाली विचारून परत फिरतो. उयांगाच्या दारावरून दाम्बा नावाचा म्हातारा शेजारी असाच चहा न पिता परतला होता, आणि चहा न पिता परतणारा दाम्बा त्यापूर्वी कुणी पाहिला नव्हता.

जाव्झमाने घोड्याच्या केसांचा तोच दोर पेटीतून काढून दिला. बांधाच्या फटीवर तो ताणला गेला, मध्ये लाल फडकं. दुसऱ्याच दिवशी दाम्बा मोटारसायकलवरून शेळ्या हाकत आला आणि दोर पाहून त्याने करकचून ब्रेक दाबला. डोक्यावरची टोपी काढली.

"कोण गं बाळंत झालं इथे?"

"पाखरं, गुआई." थोरामोठ्यांना आम्ही गुआई म्हणतो.

दाम्बा इतका हसला, की त्याला खोकला आला. पण शेळ्या मात्र त्याने वळवल्या. पुढे आठवडाभर जो भेटेल त्याला तो सांगत सुटला, "खोंगोरला जाऊ नका, तिथे बाळंतिणी आहेत. एक नाही, शेकड्याने!" कुणी आत गेलं नाही. उयांगा पहिल्यांदा नीट झोपली. मीही.

मग पिल्लं निघाली. राखाडी-पांढरी, लोकरीच्या मूठभर गोळ्यांसारखी. मला ती माझीच भावंडं वाटली. उयांगाने घरी जाऊन ही बातमी सांगितली. तिथेच सगळं बिघडलं, पण ते आम्हाला कुणाला कळलं नाही.

त्या दिवशी अनूला दात येत होते. अंग कोमट होतं आणि ती आईला सोडायला तयार नव्हती. उयांगा म्हणाली, "घेऊन जाते. आत सावली आहे, पाजलं की झोपेल." जाव्झमा काहीतरी बोलणार होती, पण थांबली. आज ती जरा घाईत होती. दोघींना माझ्यात सोडून ती गाणं म्हणत निघून गेली. चिखलाच्या मानेच्या मधोमध वाळूचा एक उंचवटा होता, तिथे मी उभा होतो. पुढे बेट, मागे दोर.

अनू प्यायली आणि झोपली. ऊन चढलं. बेटावर आया पिल्लांवर पंखांची सावली धरून उभ्या होत्या, चोची उघड्या, धापा टाकत. सगळं ठीक होतं. उयांगाने सहज, मागे माझ्या कडा जुळतात तिथल्या फटीतून काठाकडे पाहिलं आणि तिचं अंग ताठ झालं. माझ्या आतल्या बाजूला तिचा घाम लागला, गार.

काठावरून वरात येत होती.

पुढे दाम्बा, निळ्या रेशमी अंगरख्यात. त्याच्या हातात पांढरा उंट. उंटावर दह्याच्या वाळवलेल्या वड्यांची परात आणि दुधाची कासंडी. मागे दोन शेजारणी, नटूनथटून. आणि त्यांच्या मधोमध सणाचा अंगरखा घातलेली, केसांना तेल लावलेली आमची जाव्झमा! मोटारसायकली त्यांनी मुद्दाम घरी ठेवल्या होत्या. तान्ह्याजवळ आवाज नको म्हणून.

मित्रांनो, दोर बांधण्याचा रिवाज उयांगाला आठवला होता. पण तो रिवाज तिथे संपत नाही. बाळ काही दिवसांचं झालं की त्याला न्हाऊ घालतात, दोर सोडतात, आणि मग सगळ्या वस्तीने भेट घेऊन बाळाचं तोंड बघायला जायचंच असतं. नाही गेलं तर आई-बापाचा अपमान. दाम्बाने दिवस मोजले होते. माणसं पाखरांना मान द्यायला निघाली होती. दाम्बाने फटीपाशी पोचून लाल फडक्याला हात जोडले आणि दोराची गाठ सोडायला घेतली.

उयांगाला ओरडता येत नव्हतं. ओरडली तर पाखरं उडाली असती. उठून पळाली तरी उडाली असती. आणि काहीच केलं नाही, तर उंटासकट ती वरात मानेवरून चालत थेट बेटावर गेली असती, डोक्यावर ऊन तापलेलं असताना.

तिने अनूला ओढणीने छातीशी बांधलं. मग दोन्ही हातांनी मला सांगाड्यावरून अलगद उचललं, आणि स्वतः गुडघ्यांवर बसून मला सगळ्या बाजूंनी अंगावर ओढून घेतलं. जन्मात पहिल्यांदा मी चालायला लागलो.

पाठ बेटाकडे, तोंड काठाकडे. ती एक गुडघा सरकवायची आणि थांबायची. माझ्या कडा चिखलात लोळत होत्या, खारं पाणी पिऊन मी दगडासारखा जड होत होतो, आणि तिला ते ओझं ओढावं लागत होतं. बेटावरच्या माना उंच झाल्या. शेकडो पांढऱ्या कोरींचे डोळे माझ्यावर. ती थांबली. माना हळूहळू खाली गेल्या. पुन्हा एक गुडघा.

तेवढ्यात मला जाणवलं, की आत अनू फार शांत आहे.

कडा चिखलाने बंद झाल्या होत्या. आतली हवा गरम आणि जुनी होत चालली होती. अनूचा श्वास मी जाणत होतो. तो लहान झाला होता, वरच्यावर, घाईघाईचा. मला तोंड असतं तर मी किंचाळलो असतो. थांब, आधी हिच्याकडे बघ! उयांगाचा हात आधीच बाळाच्या गालावर होता. गाल तापलेला, मान सैल. बाहेर दाम्बाने दोराचं एक टोक सोडून तो हातावर नीट गुंडाळायला घेतला होता. बेट, काठ आणि छातीवरचं लेकरू. तिने क्षणभरसुद्धा विचार केला नाही. खिशातून सुरी काढली आणि मला फाडलं.

मित्रांनो, सांगतो ते खरं माना, मला दुखलं नाही. मी फाटलो तिथून वाऱ्याची झुळूक आत आली आणि तिने अनूचं नाक त्या फटीला लावलं. काही झालं नाही. अजून काही झालं नाही. मग अनूने एक मोठा श्वास ओढला आणि भोकाड पसरलं.

बेटाचा अर्धा भाग उठला. पांढऱ्या पंखांचा कल्लोळ, किंचाळ्या. खाली राखाडी गोळे इकडेतिकडे धावत सुटले. उयांगा गोठून बसली, अनूला पाजायला घेतलं, आणि डोळे गच्च मिटून घेतले. मी मिटून घेऊ शकलो नाही. झरोका बेटाकडे होता. मी सगळं पाहिलं.

अनू लुचायला लागली. पाखरं वर घिरट्या घालत राहिली, मग एकेक करून खाली उतरली. सगळी नाही, पण बरीचशी. उयांगा पुन्हा सरकायला लागली.

दोराजवळ जाव्झमाचा आवाज आला. "अगं बाई! गुआई, तो नमदा चालतोय!"

"ऊन लागलं तुला," दाम्बा म्हणाला. मग म्हणाला, "चालतोय खरा."

उंट फुरफुरला. दाम्बाने त्याचा दोर खाली खेचून त्याला बसवलं.

"कुणी ओरडू नका," उयांगा आतून म्हणाली. मीच बोललो असं त्यांना वाटलं असेल. "मागे व्हा. सगळे मागे व्हा. हळू."

"उयांगा? तू आत?" दाम्बाने विचारलं. "आणि अनू कुठाय?"

"अनूपण आत. एजी, आधी हिला घ्या."

काटेरी बांधाच्या आडोशाला आल्यावर ती माझ्यातून बाहेर पडली. गुडघे सोललेले, तोंड लालबुंद. जाव्झमाने अनूला हिसकावूनच घेतलं, कासंडीतल्या दुधात बोट बुडवून तिच्या ओठांना लावलं, आणि सणाच्या अंगरख्याने तिचं डोकं पुसत राहिली. मग सगळे कुजबुजत भांडायला लागले. कुजबुजत भांडणारी माणसं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिली.

"आम्ही काय चोर आहोत का?" दाम्बा दुखावला होता. "तू दोर बांधलास, आम्ही थांबलो. शेळ्या वळवल्या, लोकांना परत धाडलं. आता बाळं झाली, दिवस भरले. आता तोंड बघायला यायचं नाही, तर म्हातारी झाल्यावर यायचं?"

"गुआई, चूक माझीच. मी अर्धाच रिवाज घेतला. पुढचा अर्धा विसरले."

"एजी, तुम्ही तरी सांगायचंत!" शेजारणींपैकी एक जाव्झमाला म्हणाली.

"मीच तर वड्या केल्या," जाव्झमा पडेल आवाजात म्हणाली. "मला वाटलं, हिला बरं वाटेल. रोज एकटी बसते."

थोरल्या माणसाला नुसतं परत पाठवता येत नाही, हे उयांगाला ठाऊक होतं. त्याच्या हातात काहीतरी द्यावं लागतं.

"गुआई, या बाळांना न्हाऊ घालत नाहीत. यांचं थेट जावळ असतं. अंगावरची लव झडून पिसं आली, की जावळ उतरलं. तेव्हा बोलावणं. तोवर आई-बापाखेरीज कुणी नाही."

आमच्याकडेही लेकराचं पहिलं जावळ काढायला पाहुणे जमवतात. दाम्बाने विचार केला.

"सगळ्या अंगाचं जावळ?"

"सगळ्या अंगाचं."

"मग वेळ लागेल."

"लागेल."

"कात्री मोठी लागेल," जाव्झमा म्हणाली, आणि एक शेजारीण तोंडावर हात दाबून हसली.

दाम्बाने हातावरचा दोर उलगडला आणि परत बांधला, आधीपेक्षा घट्ट. मग भेट म्हणून आणलेलं स्वतःचं निळं रेशमी उपरणंही लाल फडक्याशेजारी बांधलं. "आता मी सांगितल्याशिवाय सुटणार नाही," तो म्हणाला. उंटाला उठवून वरात मागे फिरली, दबकत, नटूनथटून.

पाखरांचं नुकसान झालं नव्हतं असं मी म्हणणार नाही. संध्याकाळी उयांगाने दुर्बीण लावली, तेव्हा बेटाच्या कडेला काही राखाडी गोळे हलत नव्हते. जाव्झमाने विचारलं, "किती गं?" उयांगाने दुर्बीण खाली ठेवली. तिला दुसराच घोर होता. सकाळी थवा असेल का? भ्यायलेला थवा एका रात्रीत निघून जातो. उजाडताच दोघी काठावर गेल्या. जाव्झमाने तर डोळे झाकून घेतले होते. "बघ तू. मला नको सांगूस. सांग. आहेत का?"

"आहेत, एजी."

जाव्झमा तिथेच वाळूत बसली आणि बराच वेळ तळ्याच्या दिशेने दूध शिंपडत राहिली. आमच्याकडे आभार असेच मानतात.

पुढचे दिवस कसे गेले, ते मला आतून माहीत आहे. उयांगा पुन्हा माझ्यात बसायला लागली. अनू घरी असायची, आणि तरी उयांगाचा हात मधूनमधून छातीकडे जायचा, रिकाम्या ओढणीकडे. बेटावरची लव झडली. काळपट पिसं आली. एका सकाळी एक पिल्लू वाऱ्यावर उचललं गेलं, घाबरलं, आणि मग उडायला लागलं. जावळाला सगळी वस्ती आली, आणि सगळी दोराच्या अलीकडे बसली. दाम्बाने खरोखरच रेशमी फडक्यात गुंडाळून कात्री आणली होती. पिल्लं डोक्यांवरून उडत गेली आणि त्यांच्यातल्या एकाने दाम्बाच्या निळ्या अंगरख्यावर शिटलं. "आहेर मिळाला, गुआई," लोक म्हणाले. त्याने तो डाग कुणाला पुसू दिला नाही.

त्या हिवाळ्यात कचेरीने नवा आडोसा पाठवला. चांगला आहे, मातीच्या रंगाचा, न फडफडणारा. माझ्या अंगात तळ्याचं मीठ शिरलंय, मी ताठ झालोय आणि मधोमध फाटलेलाही आहे. काही दिवस मी पुन्हा शेणाच्या ढिगाकडे गेलो होतो. एका सकाळी जाव्झमाने मला झटकून घरात नेलं आणि अनूच्या बिछान्याखाली अंथरलं. अनू आता चालते. माझ्या फटीत बोट घालते आणि ओढते. तिचा श्वास सरळ आहे. मी रोज रात्री ऐकून घेतो.

मित्रांनो, माझं एवढंच मागणं आहे. तुमच्या गावाजवळ पाणी असेल, आणि त्या पाण्याच्या आसऱ्याने कुणी घरटं केलं असेल, तर तुमचं प्रेम दाखवायला जवळ जाऊ नका. फोटो काढायला जाऊ नका, खायला घालायला जाऊ नका, मुलांना दाखवायलासुद्धा नको. लांबून बघा. ज्याला आपण जपतोय, त्याला आपली चाहूलही लागू नये, यासारखी दुसरी माया नाही. आणि जुनं पांघरूण टाकू नका. कुणाच्या श्वासावर कधी घालावं लागेल, सांगता येत नाही.

यंदाही बर्फ कमीच पडलं. चिखलाची मान आणखी रुंद झालीय. बांध वाढवलाय, दोर ताणलाय, पण कुरव येतील की नाही, ते कुणी बोलून दाखवत नाही. उयांगा चहा गाळता गाळता थांबते आणि छताच्या भोकातून वर बघते.

काल दुपारी एक कुरव वरून गेला. एकटाच, तळ्याच्या दिशेने. कुणीही आनंदाने ओरडलं नाही. जाव्झमाने भुंकायच्या बेतात असलेल्या कुत्र्याचं तोंड धरलं आणि त्याला घरात ओढलं. दाम्बा मोटारसायकलवरून येत होता. त्याने वाटेतच इंजिन बंद केलं, खाली उतरला, आणि वाळूतून ती जड गाडी ढकलत, धापा टाकत, आपल्या घरापर्यंत चालत गेला.